घरपोच पशुवैद्यक, दारात ग्रूमर : बुकिंगआधी हे तपासा

वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून आजारी कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. घरातलं माणूस बोटीवर किंवा मासळीबाजारात नसायला हवं, आणि रिक्षावाला कुत्र्याला आत घ्यायला तयार हवा. मांजराची तऱ्हा निराळी. पिशवीत घातलं की सगळ्या गल्लीला कळतं. त्यामुळे मोबाइलवरून डॉक्टर आणि ग्रूमर घरी बोलावण्याची सोय अशा वस्तीला खरोखर उपयोगाची आहे. प्रश्न एवढाच, की बॅग घेऊन दारात आलेला माणूस नेमका कोण आहे?

इंजेक्शन कोण देऊ शकतं?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकच उपचार करू शकतो आणि आरोग्य प्रमाणपत्रावर सही करू शकतो. पदविकाधारकांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणून फोनवरच डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. यात संकोच कसला? वायरमन घरी आला तरी आपण दहा प्रश्न विचारतो.

घरी काय होऊ शकतं? तपासणी, लसीकरण, जंताचं औषध, जखमेची मलमपट्टी, टाके काढणं, रक्ताचा नमुना, गरज पडल्यास सलाइन. म्हाताऱ्या किंवा चालता न येणाऱ्या प्राण्यासाठी हे फारच सोयीचं.

लस थंड होती का?

ही गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तासभर तापलेली लस टोचली, तर कार्डावर शिक्का बसेल, संरक्षण मिळेलच असं नाही. रेबीजच्या बाबतीत हा धोका परवडणारा नाही, कारण लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो, प्राण्याचा आणि माणसाचाही. डॉक्टरांकडे बर्फाच्या पिशव्यांचा डबा आहे का ते बघा. कुपीवरची मुदत वाचा, तिचं स्टिकर कार्डावर लावून घ्या, शेजारी सही आणि नोंदणी क्रमांक घ्या. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. पुढचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. लस दिल्यावर अर्धा तास तरी डॉक्टरांना थांबायला सांगा. तोंड सुजणं, उलट्या, धाप अशी ॲलर्जी बहुतेक वेळा लवकरच दिसते.

ग्रूमिंगचं काय?

ग्रूमरला पशुवैद्यकासारखी पदवीची अट नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करावी लागते. किनाऱ्यावर वाळू, खारं पाणी आणि पावसाळ्यातली दमट हवा अंगावरच्या केसांत अडकून राहते. अंघोळीपेक्षा नंतर मुळापर्यंत कोरडं करणं महत्त्वाचं. ओल राहिली की बुरशी आणि खाज सुरू. ग्रूमरकडे ड्रायर आहे का आणि एका घरातली कात्री-कंगवा दुसऱ्या घरी नेण्याआधी तो निर्जंतुक करतो का, हे विचारा. माणसांचा शाम्पू वापरू देऊ नका. उन्हाळा आला म्हणून हस्की किंवा गोल्डन रिट्रीव्हरचे केस मुळापासून भादरून घेणंही टाळा. तो कोट उन्हापासून बचावही करतो. गोचिडांचं औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला विषारी ठरतं. तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

डॉक्टर घरी आलेच आहेत तर खाण्याचंही विचारून घ्या. कोळीवाड्यातलं मांजर मासळीवरच वाढतं, पण काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. रोज फक्त कच्ची मासळी खाणाऱ्या मांजराला त्यातून झटके येऊ शकतात. शिजवली की हा घटक निकामी होतो. खारवलेली मासळी मात्र शिजवली तरी खारटच.

घरी वाट बघू नका

धाप लागणं, पोट अचानक फुगणं, साप चावणं, गाडीची धडक, सतत झटके, आणि बोक्याला लघवी न होणं, यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. एक्स-रे, ऑक्सिजन, शस्त्रक्रिया यातलं काहीच बॅगेत मावत नाही. निघण्याआधी फोन करून हे सांगा : तापमान (कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं), हिरड्यांचा रंग, आणि शांत झोपेत मिनिटाला श्वास किती. तीसपेक्षा जास्त असतील तर तेही.

बुकिंग करताना भेटीचं शुल्क, औषधं आणि लस यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक सरकारी फिरत्या पशुवैद्यक पथकांचा आहे. ती मुख्यतः पशुपालकांसाठी, म्हणजे गाई-म्हशी, शेळ्यांसाठी आहेत. घरात कुत्र्याबरोबर शेळीही असेल, तर तो नंबर सेव्ह करून ठेवा.