पौरुष ग्रंथी आणि बैलाचे भय

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या मी पशुवैद्य म्हणून अनेक वर्षे पाहिल्या. त्यांना जुंपलेले कितीतरी बैल माझ्याच चिमट्याने खच्ची झालेले. अशाच एका म्हाताऱ्या गाडीवानाने मला विचारले होते, “डॉक्टर, ह्या गोळ्यांनी माझं बी बैलावानी होतंय का?”

त्याची पौरुष ग्रंथी, म्हणजे दवाखान्यात जिला प्रोस्टेट म्हणतात ती, वाढली होती. मी “तसं काही नसतं” एवढेच म्हणालो. त्याचे समाधान झाले नाही. दोन आठवड्यांत त्याने गोळ्या सोडल्या. पुढच्या हंगामात फडावर त्याची लघवी तुंबली आणि रात्री दवाखान्यात नेऊन नळी घालावी लागली. तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर इथे देतो.

त्याची शंका अडाणी नव्हती. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. वयात येताना वृषणांतील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे ती वाढते आणि तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची होते. वृषणे काढली की ती आक्रसते. 1895 मध्ये अमेरिकी शल्यविशारद विल्यम व्हाइट यांनी लघवी अडलेल्या 111 रुग्णांची वृषणे काढल्याचा अहवाल दिला. बहुतेकांची ग्रंथी लहान झाली. म्हणजे माणसाला ‘बैल’ करून खरोखरच उपचार झाले होते! पुढे चार्ल्स हगिन्स यांनी आधी कुत्र्यांवर आणि मग 1941 मध्ये या ग्रंथीचा कर्करोग झालेल्या रुग्णांवर हेच तत्त्व वापरले. त्यासाठी 1966 चे नोबेल मिळाले.

पण एक कोडे उरते. बैलाला हा त्रास होत नाही, तसा तो वृषणे शाबूत असलेल्या वळूलाही सहसा होत नाही. होतो तो माणसाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला. शिवाय वयानुसार माणसाचे टेस्टोस्टेरॉन कमी होते, ग्रंथी मात्र वाढते. शवविच्छेदनात पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते. ऐंशीनंतर जवळपास 90 टक्क्यांत. तेव्हा वृषण हवेच, पण तेवढ्याने भागत नाही.

याचा उलगडा कॅरिबियन बेटावरच्या डोमिनिकन रिपब्लिकमधील एका खेड्यात झाला. तिथली काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. 1974 मध्ये कारण कळले: टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक जोरकस संप्रेरकात करणारे विकर त्यांच्यात कमी होते. आवाज फुटला, स्नायू भरले, पण पौरुष ग्रंथी आयुष्यभर लहानच राहिली. वृषण कच्चा माल पाठवते. ग्रंथी तो स्वतःच्या घरात शिजवते. वाढ होते ती या शिजवलेल्या मालावर.

त्यात स्त्री-संप्रेरकाचीही भर पडते. पुरुषाच्या शरीरात, विशेषतः चरबीत, थोड्या टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन बनते. उतारवयात त्याचे प्रमाण तुलनेने वाढते. खच्ची केलेल्या कुत्र्यांना दोन्ही प्रकारची संप्रेरके एकत्र दिली, तेव्हा ग्रंथी अधिक वाढली. वृषणांतून आणखीही काही घटक येत असावेत: काही प्रयोगांत वृषणे काढून टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले, तरी शाबूत प्राण्यांइतकी वाढ झाली नाही.

आता गाडीवानाचे उत्तर. फिनॅस्टेराइडसारखी गोळी वृषणाला हात लावत नाही. ती ग्रंथीतला स्वयंपाक थांबवते. रक्तातले टेस्टोस्टेरॉन जागेवरच राहते. काहींची कामेच्छा मंदावते, हे लपवू नये; तसे झाले तर डॉक्टरांना सांगावे. ग्रंथी सुमारे पाव हिश्श्याने घटते, पण त्याला सहा महिने लागतात. दोन आठवड्यांत गुण येत नाही. पीएसए या रक्ततपासणीचा आकडाही या गोळीने निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीवेळी गोळीचा उल्लेख करायचाच. आणि ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र वेगळेपण तपासल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे धार बारीक झाली, रात्री चारदा उठावे लागले, की “वय झालं” म्हणून माणूस गप्प बसतो. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याचे दुखणे आम्ही हाताने चाचपून ओळखतो. माणसाने तरी तोंड उघडावे. आणि त्याने विचारले, की आमच्यासारख्यांनी पूर्ण उत्तर द्यावे.