अमूर्त वर्ग म्हणजे काय?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. नवे काही समजले की ते आईला समजावून सांगायचे, ही माझी सवय. म्हणून येथे उदाहरण एस.टी.चेच घेते.

संगणकाच्या भाषेत 'क्लास' म्हणजे वर्ग, एक साचा; त्यावरून प्रत्यक्ष वस्तू घडतात. 'मेथड' म्हणजे त्या वस्तूने करावयाचे काम. ही कल्पना नॉर्वेतील डाल आणि न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेतून पुढे आली.

समजा, तिकिटाचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. 'प्रवासी' हा मूळ वर्ग. टप्पे मोजणे हे सर्वांसाठी सारखेच काम. ते मूळ वर्गातच लिहावे. भाडे मात्र सारखे नाही. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट मिळू लागले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास. मग मूळ वर्गात भाड्याचे सूत्र कोणते लिहावे? कोणतेच नाही. तेथे 'भाडे' एवढे नाव घोषित करावे व त्यास 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट', म्हणजे अमूर्त म्हणावे. मग वर्गही अमूर्त ठरतो. त्यापासून थेट वस्तू घडत नाही. बसमध्ये तरी नुसता 'प्रवासी' कोठे चढतो? चढते ती कोणी महिला, कोणी ज्येष्ठ, कोणी पूर्ण तिकीटवाला. हे उपवर्ग आपापले सूत्र लिहितात.

कोणी विचारील, मूळ वर्गात पूर्ण भाडेच लिहून ठेवले तर काय बिघडले? बिघडते ते असे: 'महिला' वर्गात सूत्र लिहायचे राहिले, तर प्रोग्रॅम मुकाट्याने चालेल आणि तीसऐवजी साठ रुपये घेईल. मजुरीवर जाणाऱ्या बाईला तीस रुपये थोडे नव्हेत. 'भाडे' अमूर्त असेल तर १९९५ साली आलेली जावा ही भाषा असा अपुरा वर्ग स्वीकारतच नाही. चूक लिहिणाऱ्याच्या टेबलावरच पकडली जाते, प्रवाशाच्या पदरात पडत नाही.

मात्र एक ध्यानात ठेवावे. सूत्र लिहिले आहे की नाही, एवढेच संगणक पाहतो. ते बरोबर आहे की नाही, हे माणसानेच तपासायचे असते.