नको तिथं थर नको!

मुलांनो, गोंदिया जिल्ह्यात मामा तलाव पुष्कळ. ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’ बरं का! अशा एखाद्या तलावात कमळं असली, तर पानावर ओंजळभर पाणी टाकून बघा. पान भिजतच नाही. पाण्याचे मोती होतात आणि घरंगळून जातात. पानावर अगदी बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेण. पाण्याचं आणि मेणाचं जमत नाही! काय कुठं चिकटेल, हे असं पृष्ठभागच ठरवतो.

संगणकाची चिप बनवतानाही हीच युक्ती कामी येते. चिपमध्ये सिलिकॉनवर धातूंचे आणि ऑक्साइडांचे थर असतात. काही तर दोन-तीन नॅनोमीटर जाडीचे. आपल्या वहीचा कागद सुमारे एक लाख नॅनोमीटर जाड असतो!

इतका पातळ थर द्यायचा कसा? फिनलंडच्या तुओमो सुन्तोला यांनी १९७४ साली त्यासाठी एक पद्धत विकसित केली. बंद पात्रात, समजा, अॅल्युमिनियमच्या एका संयुगाची वाफ सोडली. पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. त्या जणू खुंट्या. वाफेचे रेणू त्यांना अडकतात. खुंट्या भरल्या, की काम आपोआप थांबतं. उरलेली वाफ काढून पाण्याची वाफ सोडली, की नव्या खुंट्या तयार! एका फेरीत थर वाढतो साधारण ०.१ नॅनोमीटर.

पण थर ठरावीक जागीच हवा असेल तर? सगळीकडे थर देऊन नको तिथला काढायचा, ही जुनी रीत. त्यात नेम काही नॅनोमीटर चुकला, तरी शेजारच्या तारा जुळून चिप वाया जाऊ शकते. म्हणून नको त्या जागी आधी मेणासारख्या लांब रेणूंचं पांघरूण घालतात. तिथं खुंट्याच नाहीत, मग थर बसणार कुठं?

तरीही अडचण आहेच. पांघरुणात बारीक छिद्र राहिलं, की फेऱ्या वाढतील तसे तिथं नको ते कण रुजतात. धानाच्या बांधीत तण उगवावं तसे! मग निंदण आलंच. मध्येमध्ये ते कण रसायनाने काढावे लागतात. हे तण उगवूच नये, यासाठी जगभर संशोधन चालू आहे. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतही २००६ साली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र सुरू झालं.

आता घरी करून बघा. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने आपलं नाव लिहा आणि वरून पाण्याचा रंग फिरवा. रंग कुठं बसला नाही? का बरं? सांगा पाहू!