अर्धे पान का राहिले?

आपल्या व्हरांड्यातली आणि चौथीच्या वर्गातली गेरूची नक्षी तुम्ही पाहिलीच असेल. ती हाताने काढलेली नाही, छापाने उठवली आहे. ती कशी केली आणि तिच्यात गणित कुठून आले ते मी सांगणार आहे.

छाप म्हणजे पुठ्ठ्यात चित्राच्या आकाराचे भोक पाडायचे. आम्ही जुन्या वह्यांचे पुठ्ठे घेतले. आधी कागदाची मधोमध घडी घातली, घडीवर अर्धेच कमळ काढले आणि कापले. घडी उघडली की पूर्ण कमळ! दोन्ही बाजू अगदी सारख्या. मग ते पुठ्ठ्यावर ठेवून गिरवले. एक गंमत झाली. मी कमळाचा मधला गोल सगळीकडून कापला, तर तो गळूनच पडला. म्हणून पाकळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. पुठ्ठा ओल्याने मऊ पडतो, त्यावर मेणबत्ती घासली की टिकतो. गेरू मात्र दाट पाहिजे. पातळ असला की ओघळ येतात. चिंधीचा बोळा करून हळू हळू टिपायचे, पुसायचे नाही.

आमचे तीन छाप होते. कमळ, पान आणि चांदणी. प्रत्येक २० सेंटिमीटर रुंद.

२६ जानेवारी जवळ आली होती. मला घाई फार. मी म्हणालो, मोजायचं कशाला, लावत गेलं की झालं. दारापासून सुरू केले. कमळ, पान, चांदणी, कमळ, पान, चांदणी. कोपऱ्यात गेलो तर जागा संपली! तिथे पान यायचे होते, पण अर्धेच मावले. मी पुठ्ठा दुमडून दाबला तर सगळे फिसकटले. सातवीची मुले फार हसली. गेरू भिंतीवरून पुसला तर जास्तच पसरतो. मला रडू आले.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी टेप दिली आणि म्हणाले, "आता मोज." भिंत ५ मीटर १० सेंटिमीटर भरली, म्हणजे ५१० सेंटिमीटर. ५१० भागिले २०, भागाकार २५, बाकी १०. ती बाकी १० म्हणजेच माझे अर्धे पान! मला भागाकारातली बाकी कधी आवडत नसे, उगीच उरते असे वाटे. आता ती भिंतीवर सगळ्यांना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालत होती. तिने मधली ७ ठिपक्यांची ओळ आधी घातली. मग तिच्या वर आणि खाली ५, ३, १. मी मोजले, सगळे २५ ठिपके. मी तिला भिंतीचे सांगितले. ती म्हणाली, "आरं, कडंनं कशाला सुरू केलंस? मधनं सुरू कर, म्हंजे उरंल ते दोन्हीकडं सारखं उरंल." आजी शाळेत गेलेली नाही.

मग आम्ही भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. २५५ सेंटिमीटरवर मध्याची खूण केली आणि तिथे कमळ उठवले. त्याच्या दोन्ही बाजूंना आधी पान, मग चांदणी, मग परत कमळ, असे १२-१२ छाप. शेवटी दोन्हीकडे ५-५ सेंटिमीटर जागा कोरी राहिली. ती मुद्दाम सोडल्यासारखीच दिसते. दोन्ही टोकांना कमळच आले, कारण १२ ला ३ ने पूर्ण भाग जातो.

वर्गातली भिंत ६२० सेंटिमीटर आहे. तिथे आधी गणित, मग गेरू. ६२० भागिले २० बरोबर ३१, बाकी शून्य. म्हणून तिथे एका कडेनेच सुरू केले. शेवटचा छाप कोणता येणार ते मी उठवण्याआधीच सांगितले. ३१ भागिले ३, बाकी १. बाकी १ असेल तर कमळ, २ असेल तर पान आणि शून्य असेल तर चांदणी. ३१ वे कमळच आले! पालकांनी वर्गात आल्यावर पाहिजे तो आकडा सांगावा, मी भिंतीकडे पाठ करून चित्र सांगतो. विसावे काय असेल ते तुम्हीच काढा, आणि मग दाराकडून मोजून बघा.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात चुन्याखालून माझे अर्धे पान अजून थोडे थोडे दिसते. गुरुजी म्हणाले, राहू दे.