गिटारीचे पडदे बदलताना

माझा थोरला भाऊ नोकरीसाठी सुरतेला गेला, तेव्हा आपली गिटार माझ्या हवाली करून गेला. बारा वर्षे वाजवलेली. स्नेहसंमेलनाच्या तालमीत तिची झणझण आपण सर्वांनीच ऐकली आहे, काहींनी तर नावेही ठेवली! त्या झणझणीच्या मागे लागून जे कळले, ते मित्रांपुढे ठेवतो.

गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीचे पडदेच म्हणा ना. मात्र सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे; गिटारीचे लाकडातल्या खाचेत ठोकून बसवलेले. पोलादी तार दाबून दाबून त्यांवर चर पडतो. आपण नवशिके सी, जी, डी हेच कॉर्ड धरून बसतो, म्हणून पहिले चार-पाच पडदे आधी झिजतात. झिजलेला पडदा बुटका होतो आणि तिथे दाबलेली तार पुढच्या उंच पडद्याला घासते. हीच ती झणझण.

एका दुकानदाराने "नवीन घ्या" म्हणून विषय संपवला. दादाची गिटार टाकून देणे मला जमेना. शेवटी मिरजेला सतारी करणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. ते गिटारीही दुरुस्त करतात. मी थोडे वाचून गेलो होतो. ऐटीत म्हणालो, "काका, स्टेनलेस स्टीलचेच टाका. पुन्हा झिजायला नकोत."

"वीसच्या वीस बदलायचे का?" त्यांनी विचारले.

माझ्याकडे पैसे पाचांपुरते होते.

मग त्यांनी समजावले. नवा पडदा जुन्यांपेक्षा उंच असतो. तो कानशीने घासून जुन्यांच्या पातळीला आणावा लागतो, नाहीतर झणझण केवळ जागा बदलते. स्टील इतके कठीण की कानस आणि पक्कड दोन्हींची धार जाते. शिवाय ते ताठ. दांडीच्या गोलाईप्रमाणे नीट वाकवले नाही, तर टोके खाचेतून वर येतात. आणि पाच पडदे स्टीलचे, पंधरा जुने मऊ, म्हणजे पुढे झीज पुन्हा असमानच. सगळे बदलणार असाल तर स्टील उत्तम, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पितळ स्वस्त, पण फारच मऊ.

राहिले जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी आत चांदीचा कणही नाही! तांबे, जस्त आणि साधारण शेकडा १८ भाग निकल. गिटारीचे पडदे बहुधा याचेच असतात, दादाच्या गिटारीचेही होते. स्टीलने आवाज कर्कश होतो असे काही वादक म्हणतात. मला ते पटलेले नाही, पण माझा कान तेवढा तयारही नाही.

धातू ठरला, तरी एक गोष्ट उरली. पडद्याची खाचेत जाणारी खालची पट्टी खाचेला नेमकी बसणारी हवी. जाड झाली तर पाचरीसारखी दाबून दांडी मागे वाकवते. बारीक झाली तर पडदा हलतो. खाच असते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी रुंद. काकांनी जुने पडदे सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने गरम करून हळूहळू उचलले. तरी शिसवीचा एक टवका निघालाच. तो त्यांनी तिथेच चिकटवला.

आता पहिले पाच पडदे बाकीच्यांपेक्षा पांढरे दिसतात. झणझण गेली. उरलेली वीतभर तार काकांनी कागदात गुंडाळून दिली आहे, सहाव्या पडद्यासाठी.