छंदविषयक जर्मन संभाषण आणि मराठीचा आधार

‘मला पोहायला आवडते’ या वाक्यात आवड असणारी व्यक्ती चतुर्थीत असते. जर्मनमधील ‘इश श्विमे गेर्न’ या वाक्यात मात्र ती प्रथमेत येते. ‘गेर्न’ हे क्रियाविशेषण असल्याने ‘मी आवडीने पोहतो’ हेच त्याचे निकटचे मराठी रूप होय. विद्यार्थी ‘मला’चे शब्दशः भाषांतर करतात, तेथेच चूक होते. ‘रविवारी’सारखा शब्द आरंभी आल्यास क्रियापद दुसऱ्या स्थानीच राहते व कर्ता त्यामागून येतो.

‘टान्त्सेन’ म्हणजे नाचणे. त्यातील ‘त्स’ हा ‘चोर’मधील दंततालव्य ‘च’च्या निकटचा उच्चार आहे. हिंदीतील ‘च’ केवळ तालव्य असल्याने नागपूरच्या द्वैभाषिक वर्गात मराठी उदाहरणच द्यावे. ‘इश’मधील अंत्य ध्वनी मात्र ‘श’ नव्हे, ‘ख’ही नव्हे, तो सरावानेच साधतो. मातृभाषा येथे अडथळा नसून अध्यापनाचे साधन ठरते.