झोतभट्टीचा वारा, सिमेंटची गोणी

एक टन लोखंड काढायला झोतभट्टीत काय काय लागतं? दीड टनाच्या आसपास खनिज, साधारण अर्धा टन कोक आणि थोडी चुनखडी, ही यादी शाळेच्या पुस्तकात असते. हवेचा हिशेब मात्र तिथे सहसा कोणी मांडत नाही. टन लोखंडामागे भट्टी हजार घनमीटरांहून अधिक हवा ओढते. वजन केलं तर ही हवा सव्वा टनाच्या पुढे जाते. मागच्या भागात दल्ली-राजहराच्या खाणींतलं खनिज भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या दाराशी येऊन थांबलं होतं. या भागात ते भट्टीत उतरेल आणि वाऱ्याच्या हाती जाईल.

भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. आठवी भट्टी, ‘महामाया’, फेब्रुवारी 2018 मध्ये पेटली. तिचं आकारमान 4060 घनमीटर आहे आणि दिवसाला आठ हजार टन लोखंड देण्याची तिची क्षमता आहे.

एवढ्या मोठ्या भट्टीत गार हवा सोडून चालत नाही. हवा आधी तापवून घ्यायची, ही कल्पना 1828 साली ग्लासगोच्या जेम्स नील्सनने मांडली आणि कोळशाचा खप पाहता पाहता उतरला. भट्टीशेजारी जे उंच घुमटाकार मनोरे दिसतात, ते याच कामाचे. त्यांच्या पोटात जाळीदार विटा रचलेल्या असतात. भट्टीतूनच निघालेला वायू जाळून त्या लालबुंद करायच्या, मग त्यांच्यातून हवा सोडायची. एक मनोरा तापत असतो तेव्हा दुसरा हवा तापवून देत असतो. बाहेर पडणारी हवा हजार ते बाराशे अंश सेल्सियसची. ती भट्टीच्या तळाशी चहूबाजूंनी बसवलेल्या तांब्याच्या तोट्यांमधून आत घुसते. तोटीचं तांबं वितळू नये म्हणून त्यात सतत पाणी खेळवावं लागतं. झोताचा वेग इतका असतो की तोटीच्या तोंडाशी कोकचे तुकडे गरगरत राहतात आणि तिथे एक धगधगती पोकळी तयार होते. तिथलं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. कोक जळून झालेला कार्बन मोनॉक्साईड तिथून वर निघतो आणि वाटेत खनिजातला ऑक्सिजन हिरावून घेतो. वरून टाकलेला माल खाली यायला काही तास घेतो. वायू मात्र काही सेकंदांत तळापासून माथ्यापर्यंत पोचतो. सगळा व्यवहार या सेकंदांत उरकायचा असतो.

म्हणूनच भट्टी चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष वाऱ्याच्या वाटेवर असतं. वारा एकाच कडेने पळाला तर एका बाजूचं खनिज कच्चं राहतं आणि भिंत जळते. वाट तुंबली तर वरचा माल अधांतरी अडकतो आणि मग अचानक कोसळतो. यावरचा उपाय माथ्यावर आहे. तिथली फिरती पन्हळ कोक आणि खनिज यांचे थर आलटून पालटून, हवे त्या वर्तुळात, हव्या त्या जाडीचे अंथरते. खाली उतरताना खनिज मऊ होऊन चिकटतं, वायूला दाद देत नाही. कोकचा थर तेवढा कडक आणि सच्छिद्र राहतो, आणि वारा त्याच थरातून आडवा वाट काढतो. कोक महाग, म्हणून त्याच्या जागी कोळशाची पूड तोट्यांतून फुंकण्याची पद्धत आता रुळली आहे. पण कोक कमी केला की वाऱ्याच्या खिडक्याही कमी होतात. बचत किती करायची, हे शेवटी वाराच ठरवतो.

वायूवरचा ताबा सुटला तर काय होतं, हे भिलाईने सोसलं आहे. 12 जून 2014 रोजी पाण्याचा दाब घसरला आणि झोतभट्टीचा विषारी वायू पंपघराकडे उलटला. सहा जणांचे प्राण गेले.

आता मळी, म्हणजेच स्लॅग. आपल्या लोहखनिजात ॲल्युमिना जास्त, कोकमध्ये राख जास्त. त्यामुळे भारतीय भट्ट्यांत टन लोखंडामागे साधारण 300 ते 400 किलो स्लॅग निघतो. ॲल्युमिनामुळे तो दाटही होतो. तो कोकमधून खाली ठिबकत असताना वारा वर चढत असतो, आणि दाट स्लॅग वाऱ्याची वाट अडवतो. तो पातळ राहावा म्हणून मॅग्नेशियाचं प्रमाण सांभाळावं लागतं. म्हणजे वारा नीट वाहावा म्हणून जे करायचं, तेच स्लॅगचं रसायनही ठरवतं.

भट्टीबाहेर आल्यावर त्याचं भवितव्य क्षणात ठरतं. खड्ड्यात सावकाश निवू दिला तर तो करडा, टणक दगड होतो. खडी म्हणून चालतो, सिमेंटला नाही. त्याच तप्त धारेवर जोरदार पाण्याचा मारा केला तर अणूंना रांगेत बसायला उसंत मिळत नाही आणि हाती येते काचेसारखी, फिकट, बोटाला टोचणारी वाळू. ही वाळू बारीक दळून चुन्याच्या सोबतीने भिजवली की सिमेंटसारखी घट्ट होते, हे जर्मनीत एमिल लांगेनने 1862 साली दाखवून दिलं. भिलाईला खेटून असलेल्या जामुलच्या सिमेंट कारखान्याला शेजारच्या भट्ट्यांचा हाच माल मिळत आला.

हा धंद्याचा भाग झाला. हवामानाचा हिशेब त्याहून मोठा आहे. सिमेंटचा पाया असलेला एक टन क्लिंकर भाजताना 0.8 टनांहून अधिक कार्बन डायऑक्साईड हवेत जातो आणि त्यातला मोठा वाटा चुनखडी फुटल्यामुळेच येतो. इंधन कितीही स्वच्छ वापरलं तरी तो टळत नाही. क्लिंकरच्या जागी स्लॅग घातला की तेवढी चुनखडी भाजावीच लागत नाही. भारतीय मानक आयएस 455 प्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के स्लॅग चालतो. असं काँक्रीट घट्ट होताना कमी तापतं, म्हणून धरणांसारख्या अवजड बांधकामांना बरं. समुद्राच्या क्षारांनाही ते चांगलं तोंड देतं, म्हणून कोकणातल्या बांधकामांना तर ते हवंच.

अवघड प्रश्न आहे तो पोलादशाळेतल्या दुसऱ्या स्लॅगचा. त्यात मोकळा चुना असतो. ओल लागली की तो फुगतो. त्याला मुरवून, प्रक्रिया करून रस्त्याखाली घालण्याचे प्रयोग केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने यशस्वी केले आहेत. 2022 मध्ये सुरतजवळ हजिऱ्याला असा रस्ता झाला, पुढे मुंबई-गोवा महामार्गाचा एक तुकडाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचा आता भिलाईतच, कुटेलाभाट्याला, स्वतःचा परिसर आहे. कारखान्याच्या इतक्या जवळच्या संस्थेने हा प्रश्न आपला मानावा, अशी अपेक्षा रास्त आहे.

घर बांधणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. गोणीवर ‘पोर्टलँड स्लॅग सिमेंट’ असं छापलेलं असेल तर ते कमअस्सल समजून परत पाठवू नका. फक्त ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. अशा मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस ओल द्यावी, असं आयएस 456 सांगतं. विदर्भ-छत्तीसगडच्या उन्हाळ्यात 14 दिवस द्या. गवंडी सातव्या दिवशी पाणी मारणं बंद करू लागला, तर त्याला थांबवा.